वाडीतल्या सुनेचे डोहाळे

माझ्या नातवंडांनो,

तुमच्यापैकी थोरलीचा परवा फोन आला होता. तिला पाचवा महिना लागला आहे हे तुम्हां सगळ्यांना माहीत आहेच. बोलता बोलता ती म्हणाली, तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं की दारू घेता का, आणि घेत असाल तर आजपासून एक घोटही नको म्हणून बजावलं. मग हसून म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी हा प्रश्नच येत नसेल ना?" मी "नसायचा" म्हटलं आणि जेवायची वेळ झाली असं सांगून फोन ठेवला. जेवायची वेळ झालेली नव्हती.

प्रश्न यायचा. मला तो एकदा अगदी स्पष्ट शब्दांत विचारला गेला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं. ते उत्तर चुकीचं होतं. तुमच्या आजोबांना मी यातलं निम्मं सांगितलं होतं, तुमच्या आईवडलांना काहीच नाही. आता थोरलीच्या निमित्ताने सगळं लिहून ठेवते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून होईल तितक्या साध्या वाक्यांत लिहिते.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा आम्ही मालेगावात राहायला आलो. नाशिककडचं मोठं मालेगाव नव्हे, आपलं वाशीमच्या रस्त्यावरचं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, सगळा कारभार अकोल्याचा. तुमचे आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि मी मुलींच्या शाळेत शिकवायची. मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकलेली. गावात ही गोष्ट माझ्या आधीच पोचली होती. कोणाला तार आली, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं की लोक आमच्याकडे येत. मलाही ते आवडायचं. माझ्या स्वयंपाकघरात एक छोटं कपाट होतं, त्यात टिंक्चर, बोरिक पावडर, ग्राइप वॉटर आणि ब्रँडीची एक चपटी बाटली, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी. तुमच्या वडलांना सर्दी झाली की त्या ब्रँडीचा अर्धा चमचा मी गरम पाण्यातून द्यायची.

घराच्या मागे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण होतं आणि पलीकडे भाजीची वाडी. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, हिवाळ्यात मुळे आणि गाजरं. वाडीत तीन माणसं होती, म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. सून विशीची असेल. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी मुलगी. ओलिताचं काम तिच्याकडे होतं. सकाळी विहिरीचं पाणी सुटलं की फावडं घेऊन वाफ्यावाफ्याला पाणी वळवायचं, घोटाभर चिखलात, थंडीतसुद्धा. पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाने आधी एक घोट आणि नंतर एक घोट मोहाची, म्हणजे मोहाच्या फुलांची गाळलेली, घ्यायची, अशी त्या वाड्यांमधली रीत होती. बायकासुद्धा घ्यायच्या. त्याला कोणी दारू पिणं म्हणत नसे. दारू पिणं म्हणजे बाजारात पडणं, बायकोला मारणं. ही आपली कामाची. बाटली विहिरीच्या थारोळ्यापाशी, म्हणजे उपसलेलं पाणी पडतं त्या कुंडापाशी, चिंध्यांच्या बुचाने बंद करून ठेवलेली असायची, विळ्याशेजारी.

त्या सुनेला दिवस गेले आणि तिच्या पोटात काही ठरेना. भाकरी नको, वरण नको, चहाचा वास आला तरी ओकारी. ठरायची ती एकच गोष्ट, मोहाची. दिवसभर तिला त्या बाटलीचीच आठवण व्हायची.

डोहाळे म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. पोटुशी बाईला जे खावंसं वाटतं ते तिला द्यायचंच असतं. चिंच म्हणाली तर चिंच, भाजलेली माती म्हणाली तर माती. डोहाळा मोडला तर बाळाचे कान वाहतात, लाळ गळते, असं सगळ्या म्हणायच्या. म्हातारीने आपल्या वेळी सासूचा शब्द पाळला होता आणि आता सुनेचे डोहाळे पुरवायची तिची पाळी होती. तिने सुनेसाठी दुसरी बाटली आणायला सुरुवात केली.

एक दिवस शाळेतून आले तर सून कुंपणाशी उभी. हातात मेथीची जुडी.

"बाई, तुमी इंग्रजी शिकल्या. एक इचारू काय?"

"विचार ना."

"मले सकाळी उठली का तेच पायजे. आत्याबाई म्हन्ते, डोहाळा हाये, मोडू नोको. पन मले भेव लागते."

"कशाचं?"

तिने आपल्या पोटाकडे पाहिलं. "मी पेली का ते लेकरू बी पेत असन ना."

मी हसले. नातवंडांनो, ते हसणं माझ्या अजून लक्षात आहे, कारण त्यात जराही वाईटपणा नव्हता. वर्गात एखादी मुलगी सूर्य डोंगरामागे झोपायला जातो म्हणाली तर हसावं तसं. मी तिला आत बोलावलं, पाटीवर चित्र काढलं. हे आईचं पोट, इथे अन्न पचतं. ही गर्भाची पिशवी, वेगळी. एकातलं दुसऱ्यात जात नाही. आरोग्याच्या पुस्तकात मी असंच चित्र पाहिलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. मग मी कपाट उघडून ब्रँडीची बाटली दाखवली आणि सांगितलं, नागपूरचे डॉक्टरसुद्धा अशक्त बाईला थोडी देतात. घे थोडी. जास्त नको.

पलीकडून म्हातारीने सगळं ऐकलं होतं. ती कुंपणावरून म्हणाली, "सांगतलं नाई तुले? तुमची बाटलीत बसते म्हून औषध, आमची मडक्यात बसते म्हून दारू. चीज तं एकच हाये का नाई बाई?"

मी म्हटलं, "एकच आहे, मावशी."

थोडी म्हणजे किती, हे मी सांगितलं नाही. चहाची पत्तीसुद्धा चमच्याने मोजणारी बाई मी. त्यानंतर सात महिने ती सकाळ-संध्याकाळ पेला भरून घेत होती, पुढेपुढे दुपारीही. मला ते कुंपणावरून दिसत होतं. ती माझ्याकडे पाहून मान हलवायची, मी पण हलवायची.

मुलगी झाली, दिवस पुरे भरलेले असूनही एवढीशी. सुईणीने मला बोलावलं तेव्हा ती सुपात होती आणि तिचे हातपाय सारखे थरथरत होते. डोकं लहान, डोळ्यांच्या फटी आखूड. नाकाखाली आपल्याला सगळ्यांना एक उभा खळगा असतो, तो तिला नव्हता, तिथे सपाट होतं, आणि वरचा ओठ रेघेइतका बारीक.

म्हातारीने तिथल्या तिथे निकाल दिला. सुनेच्या सहाव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता, मेथी काढायची राहिली होती आणि सून विळा घेऊन वाफ्यात बसली होती. म्हातारी तिला "उठ व" म्हणाली होती, ती "चारच जुड्या राह्यल्या" म्हणाली होती. झालं. गिरानात हातात विळा धरला, तो लेकराच्या ओठावर फिरला. वाडीतल्या, गल्लीतल्या, पार धनजहून आलेल्या पाहुण्यांना म्हातारी हेच सांगायची, सुनेच्या देखत, सून भाकऱ्या वाढत असताना. नवऱ्यानेही ते मानलं. तो वाईट माणूस नव्हता. पण मुलीला उचलून घेताना मी त्याला क्वचितच पाहिलं.

ग्रहणाचं खोटं आहे, एवढं मी म्हातारीला सांगितलं. तिने विचारलं, "मंग कायचं हाये?" मी शाळेची वेळ झाली म्हणाले आणि निघून आले.

ती मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा माझ्याच वर्गात आली. अंगाने चार वर्षांची दिसायची. आता मी जे लिहिणार आहे त्याची मला ओठाच्या त्या रेघेपेक्षा जास्त लाज वाटते. मला ती आळशी वाटली. शनिवारी तिला पाच अक्षरं यायची, गिरवून दाखवायची, खूश व्हायची. सोमवारी पाटी कोरी. "अगं काल-परवा तर येत होतं," मी म्हणायची. ती सांगायची, "येत होतं बाई. गेलं." वर्गातल्या मुली हसायच्या, तीही हसायची. मी तिला दाराशी उभं करायची. दाराशी उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची, म्हणून मग मी तिला कोपऱ्यात उभं करू लागले. दोन वेळा पट्टीही मारली. मधल्या सुट्टीत तीच माझ्या कमरेला येऊन मिठी मारायची. मार कशासाठी मिळाला हे तिच्या लक्षातच राहायचं नाही.

तिला परकं कोणी नव्हतं. एकदा बाजाराच्या दिवशी ती एका बांगड्यावालीचा हात धरून बसमध्ये चढली आणि थेट रिठदला सापडली. बांगड्यावालीला वाटलं होतं, आई मागे बसली आहे. तिला आणल्यावर म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "इले कोनी बी नेलं तं जाईन हे. उद्या वयात आली का काय करता?" सुनेने मुलीला पाण्याच्या पाटाशी नेऊन तिचे पाय धुतले, खूप वेळ.

त्याच वर्षी सुनेला पुन्हा दिवस गेले. मधल्या काळात दोनदा पोट पडलं होतं, त्यामुळे या वेळी म्हातारी फार जपत होती. ग्रहण कधी आहे हे तिने आधीच भटजीकडून विचारून ठेवलं होतं. सुनेला पाण्यात उतरू देत नव्हती. आणि डोहाळा तोच होता, म्हणून बाटली घरात, चुलीजवळ ठेवली होती.

माझे थोरले भाऊ नागपूरला डॉक्टर होते. मालेगावात मला इंग्रजी वाचायला काही मिळत नाही म्हणून ते आपल्याकडची जुनी मासिकं गठ्ठा बांधून पाठवायचे, त्यात काही डॉक्टरीही असत. त्या हिवाळ्यात असाच गठ्ठा आला. एका अंकात पानभर लेख होता आणि त्यात एका मुलाच्या चेहऱ्याचं रेखाचित्र. आखूड डोळे, नाकाखाली सपाट, बारीक वरचा ओठ. प्रत्येक खुणेला बाण काढून नाव दिलेलं. मी लेख वाचायच्या आधीच मला तो चेहरा ओळखू आला. लेखात लिहिलं होतं की आई पिते ती दारू वारेतून आणि नाळेतून बाळाच्या रक्तात जाते, आणि अशी मुलं शिकलेलं विसरतात, एका जागी बसत नाहीत, धोका ओळखत नाहीत, आणि हे पुढे भरून निघत नाही. सुनेने कुंपणाशी उभं राहून जे विचारलं होतं, तेच तिथे इंग्रजीत छापलेलं होतं.

त्यानंतर अकरा दिवस मी काही केलं नाही. मी शाळेत गेले, तुमच्या आजोबांचे शर्ट इस्त्री केले, औषधांचं कपाट रिकामं करून पुसून पुन्हा लावलं. स्वतःला सांगत होते, की एका लेखावर किती विश्वास ठेवायचा, भावांना पत्र लिहून विचारावं. पत्र लिहिलं, टाकलं नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. बाटली बंद करायला सांगायची तर ती पहिल्या वेळी का चालली होती, हे सांगावं लागणार होतं. आणि रोज कुंपणापलीकडे पेला भरला जात होता.

बाराव्या दिवशी मी गेले आणि अर्धवट बोलले. म्हातारी लसूण सोलत होती. मी म्हटलं, "मावशी, या वेळी सुनेला मोहाची देऊ नका."

"काहून?"

"बाळाला बरी नसते म्हणतात."

"कोन म्हन्ते?"

"डॉक्टर."

"मांगच्या खेपेला तं डॉक्टर देते म्हनल्या होत्या तुमी. बाटली बी दाखवली."

"आता नवीन मत आहे."

"मत काय, हर साल नवं येते," ती लसणाची पाकळी टाकत म्हणाली. "डोहाळा मोडून लेकराचे कान वाह्यले तं तुमचं मत येईन काय पुसाले?"

सून जुड्या बांधत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मला वाटलं, तिला कळलं आहे की मी काहीतरी हातचं राखून बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी मी मासिक घेऊन गेले. ओट्यावर बसले आणि पान उघडून त्यांच्या समोर ठेवलं. मुलगी तिथेच होती. तिने चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मी हाये." कोणी तिला काही सांगितलेलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. ग्रहणाचा काही संबंध नाही. विळ्याचा नाही. ती मोहाची बाळापर्यंत पोचते. मी पाटीवर काढलेलं चित्र चूक होतं. मी घे म्हणाले, ते चूक होतं.

म्हातारी आधी बोलली. "म्हंजे नातीले मी बिघडवलं म्हना."

"आपण दोघींनी, मावशी."

ती उठून आत गेली.

सुनेने मासिक उजेडाकडे धरलं. "गिरानाचं नव्हतं?"

"नव्हतं."

"सात वर्सं आयकून राह्यली मी."

"हो."

"तुमाले तवा माहीत होतं काय?"

"नाही गं. नव्हतं माहीत."

"तं माहीत नाई म्हनाचं होतं, बाई." आवाज चढलेला नव्हता. ती मेथीच्या देठांना चिकटलेली माती काढत होती. "मले भेव लागून राह्यलं होतं. तुमी माहीत नाई म्हनल्या असत्या तं मी आपल्या भेवानं सोडली असती."

मग ती म्हणाली, "जाऊ द्या. पेली तं मीच." आणि मुलीला जवळ ओढून तिच्या नाकाखालच्या सपाट जागेवरून अंगठा फिरवला, जणू तिथे काही चिकटलं असेल तर निघेल.

त्या दिवसापासून तिने घेतली नाही. सोपं नव्हतं. पहिले काही दिवस तिचे हात थरथरत, अंगाला घाम सुटे, पाणीसुद्धा उलटून पडे. म्हातारी माझ्याशी बोलायची बंद झाली होती, आमच्याकडे भाजी यायची बंद झाली होती. पण सुनेसाठी ओवा आणि बडीशेप भाजून ती पदराच्या गाठीला बांधून फिरायची आणि उमासा आला की चिमूट तिच्या तोंडात घालायची. चुलीजवळची बाटली कुठे गेली ते मला कळलं नाही.

मुलगा झाला. दणकून रडला. सुईण सांगत होती, आईने आधी मुलगा की मुलगी हे विचारलंच नाही, दिवा जवळ आणायला लावला आणि त्याच्या नाकाखाली पाहिलं. खळगा होता. मी पाचव्या दिवशी टोपडं घेऊन गेले. म्हातारीने मला बसायला पोतं टाकलं. बाळाचं वजन, त्याचं दूध ओढणं, सगळं जसं असावं तसं होतं. मला वाटलं होतं, सुनेचं मन आता हलकं झालं असेल. ती बाळाकडे पाहत म्हणाली, "हा धड झाला, बाई. म्हंजे ते बी झाली असती."

मुलगी त्याच्या पायाशी बसून त्याची बोटं धरत होती. दुसरीत जायच्या आधीच तिचं नाव शाळेतून काढलं, भावाला सांभाळायला. मी अडवायला गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठवा, मी वेगळं शिकवीन, एवढं म्हटलं. ती यायची. दीड वर्षात तिला स्वतःच्या नावातली दोन अक्षरं पक्की आली. बाकीची अक्षरं कधी आली, कधी गेली. पण मी तिला पुन्हा कोपऱ्यात उभं केलं नाही, आणि हे फार उशिरा सुचलेलं शहाणपण होतं हे मला कळतं. दशक संपता संपता आमची बदली झाली. निघताना तिने ट्रकच्या ड्रायव्हरलाही मिठी मारली.

शाळेत मी कितीतरी मुलींना शिकवलं. बाळंतपणानंतर जी वार मातीत पुरतात, तिच्यातून बाळाकडे काय काय जातं, हे त्यानंतर मी प्रत्येक वर्गात, पाठ्यपुस्तकात असो वा नसो, सांगितलं. काही पालकांनी तक्रार केली, की बाई मुलींना भलतंच शिकवतात. मी सांगत राहिले. आणि एखादा प्रश्न आला आणि उत्तर येत नसलं, की फळ्याकडे पाठ करून मुलींना म्हणायची, मला माहीत नाही.

म्हातारी फार पूर्वी गेली. सून जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिच्या मुलाचं पत्र आलं होतं. त्याने लिहिलं होतं की आई शेवटी शेवटी त्याच्या बहिणीचंच विचारायची.

वाडीतला रस्त्याकडचा भाग दुकानांखाली गेला, विहिरीकडचा उरला आहे. ती मुलगी आता पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. भाऊ आणि भावजय तिला सांभाळतात, रस्ता एकटीला ओलांडू देत नाहीत. तिचं लग्न झालं नाही. तिला वाचता येत नाही आणि आज कोणता वार आहे हे सांगता येत नाही. मेथीच्या जुड्या ती बांधते, आणि त्या बाजारात विकल्या जातात.